शब्दाचा खुंट

घरातून बाहेर पडताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. वाणी रात्री दुकान बंद करतो आणि सांगतो, दुकान वाढवले. हातातली बांगडी पिचली तर ती ‘वाढवली’. शब्द एकीकडे तोंड करून उभा आणि अर्थ दुसरीकडे. तरी ऐकणाऱ्याचा कधी घोटाळा होत नाही. दारात उभ्या असलेल्या आईला ‘येतो’ ऐकून मुलगा निघाला हे कळते, आणि त्याने ‘जातो’ का म्हटले नाही हेही कळते. बोलण्यातले निम्म्याहून अधिक काम असे ऐकणारा करीत असतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी शाबासकी देत नाही.

मग गैरसमज झाला म्हणजे मात्र बोलणारा लगेच म्हणतो, “मला तसं म्हणायचं नव्हतं.” दिवाळीत चार घरची माणसे एका पंगतीला बसली की हे वाक्य एकदा तरी कानावर येतेच. एवढे म्हटले की बोलणारा सुटला, असे आपण धरून चालतो. तो खरोखरच सुटतो का, हा प्रश्न मला गेल्या दिवाळीपासून छळतो आहे.

आमचे शेंदूरजनाघाट हे संत्र्याचे गाव. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले, वरूड तालुक्यातले. येथे संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिका आहेत. जंबेरी लिंबाचे रोप वाढवायचे, त्याच्या खोडाची साल चिरून आत संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टीने बांधायचा. याला डोळे भरणे म्हणतात. खाली राहते त्या लिंबाच्या रोपाला खुंट म्हणतात. आमच्याकडे पुण्याकडचे एक पाहुणे आले होते. मोठे सज्जन, वाचलेले गृहस्थ. सकाळी फिरायला निघाले असता त्यांना रोपवाटिकेत एक म्हातारा वाकून बसलेला दिसला. “काय चाललंय बाबा?” असे यांनी विचारताच तो म्हणाला, “काय सांगू जी, पहाटपासून डोये भरून राह्यलो.” आमच्या वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, हे पाहुण्यांना मी आदल्या रात्रीच सांगितले होते. त्यामुळे ‘डोये’ त्यांना बरोबर कळले, आणि तेथेच घात झाला. ते म्हाताऱ्याजवळ बसले, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि घरी कुणाला काय झाले ते हळुवारपणे विचारू लागले. म्हातारा त्यांच्याकडे पाहतच राहिला. पुढे दोन दिवस आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. हा गैरसमज तर किती गोड! शब्द चुकला, माणूस चुकला नाही.

परंतु याच पाहुण्यांच्या तोंडून भाऊबिजेच्या दिवशी दुसरा शब्द निघाला. कुणा नातेवाइकाच्या गोडबोलेपणाची गोष्ट चालली होती. ते म्हणाले, “अहो, तो पक्का मानभावी माणूस!” शेजारच्या काकू त्याच वेळी फराळाचे ताट परत द्यायला आल्या होत्या. त्यांचे घर महानुभाव पंथाचे. भेटले की ‘दंडवत प्रणाम’ म्हणणारे. त्यांनी ताट ठेवले, विचारपूस केली आणि गेल्या. मी फाटकापर्यंत सोबत गेलो. तेथे त्या एवढेच म्हणाल्या, “जाऊ द्या नं भाऊ, त्याईले काय मालूम!”

पाहुण्यांना नंतर ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना मनापासून वाईट वाटले. “मला तसं म्हणायचं नव्हतं. हा शब्द त्या पंथावरून आला, हेच मला ठाऊक नाही.” ते खोटे बोलत नव्हते. महानुभाव या मोठ्या अर्थाच्या शब्दाची झीज होऊन ‘मानभाव’ झाला, आणि त्यापासून निघालेला ‘मानभावी’ हा वरून साळसूद, आतून लबाड अशा माणसाला चिकटला. करणी कसाबाची, बोलणी मानभावाची, अशी म्हणही आपण करून ठेवली. अहिंसा काटेकोरपणे पाळणाऱ्या पंथाच्या नावाशेजारी कसाबाला आणून बसवताना म्हण करणाऱ्याला काही वाटले नसावे!

या पंथाचे रिद्धपूर आमच्या शेजारच्याच मोर्शी तालुक्यात. तेराव्या शतकात तेथे गोविंदप्रभू राहत. त्यांचे वागणे विलक्षण, बोलणे तुटक. गावातले कित्येक लोक त्यांना वेडे समजत, आणि तेच लोक त्यांना आईबापाच्या ठिकाणीही मानत. त्यांच्या त्या तुटक बोलण्याचा, चालण्याहसण्याचा वृत्तान्त म्हाइंभटांनी लिहून ठेवला. चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करताना तर ते ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले-ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून लिहीत गेले. त्यातून ‘लीळाचरित्र’ झाले, मराठीतला आरंभीचा गद्य ग्रंथ. पुढे धामधुमीत मूळ प्रत गेली आणि अनुयायांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते. सगळ्यांच्या आठवणी सारख्या कशा असतील? डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली प्रत १९७८ साली निघाली. ती चाळताना मला सर्वांत मोह पडतो तो ‘शोधु’ या नावाखाली नोंदलेल्या पाठभेदांचा. एकाने असे ऐकले, हिराइसेने तसे ऐकले. कोण खरे, हे ठरवून दुसऱ्याला पुसून टाकलेले नाही. ऐकण्याची इतकी काळजी घेणारी माणसे मला मराठीत फार आढळली नाहीत.

आणि नेमका त्यांच्याच नावाचा आपण असा अर्थ लावला. त्यांच्याकडूनही दार लागलेले होते, हे सांगायला हवे. चौदाव्या शतकापासून त्यांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. बाहेरच्याला त्या वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडली तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला आत काय आहे ते दिसले. पण न कळलेल्या गोष्टीला ‘कळले नाही’ म्हणता येते. वाईट अर्थच लावायला पाहिजे, असे कुठे आहे? पंजाबात हा पंथ जयकृष्णी म्हणून गेला. तिकडची माणसे आपले धर्मग्रंथ वाचण्यासाठी मराठी शिकली. ज्यांची मायबोली मराठी, त्यांनी मात्र त्या नावाची शिवी केली.

तेव्हा पाहुणे सुटले का? माणूस म्हणून सुटले, असे मला वाटते. त्यांच्या मनात डंख नव्हता. पण शब्दात होता, आणि तो काकूंना लागला. बोलणाऱ्याच्या मनावरून बोलणाऱ्याची पारख करावी. शब्दाची पारख त्यावरून होत नाही, कारण शब्द त्याच्या आधीपासून चालत आलेला असतो. आमच्या रोपवाटिकेत डोळ्याच्या खाली खुंटाला फुटवे येतात. ते खुडले नाहीत तर लिंबच जोर धरतो आणि भरलेला डोळा मागे पडतो. झाड मात्र लांबून हिरवेगारच दिसते.

कुणी म्हणेल, असे शब्द निवडायला बसलात तर निम्मी भाषा ओसरीवर काढून ठेवावी लागेल. खरे आहे. जाती, गावे, धंदे यांच्या नावांवरून केलेले किती टोमणे आपल्या बोलण्यात आहेत! शब्दावर बंदी घालावी असे मी म्हणत नाही. बंदीने शब्द मरत नाहीत. ‘साळसूद’ आहे, ‘दांभिक’ आहे; तेवढ्यावर माझे भागते. काकूंचे ‘त्याईले काय मालूम’ मात्र मनातून जात नाही. पाहुण्यांना कळायला हवे होते ते त्यांना कळले नाही, आणि ते तसे का बोलले हे काकूंनी न सांगता समजून घेतले. येथेही ऐकणाऱ्यानेच जास्तीचे काम केले.

रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. २०२४ साली त्याचे काम सुरू झाले. तेथे कुणी कोशाला हात घातला आणि ‘म’वर पोचला, तर या शब्दाची नोंद म्हाइंभटांच्या रीतीने व्हावी, अशी माझी इच्छा आहे. लोक काय म्हणतात ते लिहावे, पुसू नये. आणि त्याखाली ‘शोधु’ म्हणून, ज्यांचे ते नाव आहे त्यांना त्यात काय ऐकू येते तेही लिहावे.