वाळवण

देवाच्या सान्निध्याचा प्रत्यय येत असताना भक्ताने काय करावे, हे सांगणारे ग्रंथ उदंड आहेत. परंतु तो प्रत्यय ओसरल्यावर, प्रार्थनेचे शब्द ओठांवर तेच असताना अंतःकरण मात्र पडीक शेतासारखे कोरडे पडल्यावर त्याने कसे जगावे, हा प्रश्न त्याहून पुष्कळ अवघड आहे, आणि माझ्या समजुतीने धर्मजीवनाची खरी कसोटी येथेच लागते. या प्रश्नाचा विचार करू लागलो की माझे मन इटलीतील उंब्रिया प्रांताच्या एका लहानशा डोंगरी गावाकडे वळते. कारण तेथे द्राक्षे वाळविण्याची कला आणि एका साध्वीचे चरित्र ही दोन्ही, एकमेकांचे नावही न घेता, त्याच प्रश्नाचे उत्तर देत शेकडो वर्षे शेजारी शेजारी नांदत आली आहेत.

या गावाचे नाव मोंतेफाल्को. समुद्रसपाटीपासून सुमारे 470 मीटर उंचीवर, तटबंदीच्या कड्यात ते वसले आहे, आणि भोवतालच्या उतारांवर द्राक्षमळे व ऑलिव्हच्या बागा पसरल्या आहेत. तटावरून स्पोलेतोपासून असिसीपर्यंतचे अवघे खोरे नजरेत मावते, म्हणून या गावाला उंब्रियाचा सज्जा म्हणतात. गावातील संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये बेनोत्सो गोत्सोली या चित्रकाराने 1450 ते 1452 या काळात त्या महान अकिंचन पुरुषाचे चरित्र भिंतींवर रंगविले. त्यात पाखरांना उपदेश करणारा फ्रान्सिस मोंतेफाल्कोलाही आशीर्वाद देताना दाखविला आहे. त्याच वास्तूच्या तळाशी भिक्षूंचे मद्याचे तळघर आहे. वर अपरिग्रहाचे चित्र आणि खाली द्राक्षरसाची पिंपे, यांत कोणाला विसंगती वाटेल. मला वाटत नाही. ज्या धर्मात भाकरी आणि द्राक्षासव यांच्या द्वारा ईश्वर भक्ताला भेटतो, त्या धर्माला तळघर हा उपासनेचाच एक विभाग वाटला तर नवल नव्हे.

येथील द्राक्षाचे नाव साग्रांतीनो. या नावाचा संबंध धर्मसंस्काराच्या लॅटिन शब्दाशी असावा, असे पुष्कळांचे अनुमान आहे. या फळाची साल जाड असून तुरटपणा इतका जबर की ताज्या रसाचे मद्य वर्षानुवर्षे जिभेवर बसत नाही. आज त्यापासून जे कोरडे मद्य करतात ते 37 महिने मुरल्याखेरीज बाजारात आणण्यास कायद्याने मुभा नाही. परंतु 1970 नंतरच्या काळात हे कोरडे मद्य रूढ होण्यापूर्वी साग्रांतीनो म्हटले की ते गोडच असावयाचे, आणि ईस्टरच्या दिवशी कोकराच्या मांसाबरोबर घरोघर निघावयाचे. ही गोडी बाहेरून घातलेली नसे. ऑक्टोबरात उतरविलेले घड तट्ट्यांवर एकेरी पसरून निदान दोन महिने वाळू द्यावयाचे, एवढीच तिची युक्ती. पाणी उडून जाते, मणी सुरकुततात, आणि फळात मुळातच असलेली साखर घट्ट होत जाते; इतकी, की पुढे रस आंबताना ती सर्व खपत नाही आणि त्या कडवट तुरटपणाला शेवटी तीच सावरून धरते. मात्र या दोन महिन्यांत मळेवाल्याला स्वस्थता नसते. घडांना वारा मिळतो की नाही ते पाहावे लागते, एकावर एक घड पडू देता येत नाही, आणि बुरशी धरलेला मणी तत्काळ खुडून टाकावा लागतो. कारण वाळणे आणि कुजणे या दोन्ही वाटा एकाच तट्टीवरून सुरू होतात.

याच गावी 1268 मध्ये कियारा जन्मल्या. वयाच्या अवघ्या सहाव्या वर्षी त्या आपल्या थोरल्या बहिणीच्या तपोगृहात दाखल झाल्या. 1290 मध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी सांगून पूर्ण झाली त्याच साली, त्या लहानशा समुदायाने संत ऑगस्टिनचा नियम स्वीकारून मठाचे रूप घेतले, आणि पुढच्याच वर्षी बहीण वारल्यावर मठाधिपतीपद कियारांच्या माथी आले. हे पद आले तेव्हा त्यांच्या अंतरंगात काय चालले होते? 1288 पासून त्यांच्या चित्तावर अशी शुष्कता उतरली होती की बालपणापासून परिचित असलेले ईश्वरी सांत्वन जणू कोणी दप्तर गुंडाळून उचलून न्यावे तसे नाहीसे झाले होते. ही अवस्था अकरा वर्षे टिकली. मधूनच, 1294 च्या सुमारास, क्रूस वाहणाऱ्या ख्रिस्ताचे दर्शन होऊन त्याने तो क्रूस आपल्या हृदयात रोवला, असा अनुभव त्यांना आला. तरी कोरडेपणाचा काळ त्यानंतरही पाच वर्षे सरला नाही. आणि या सर्व काळात मठाचा कारभार चालू होता, भगिनींचे सांत्वन चालू होते, दारी आलेल्याला अन्न मिळत होते. जे स्वतःला लाभत नव्हते ते त्या इतरांना देत होत्या.

17 ऑगस्ट 1308 रोजी त्यांचे देहावसान झाले. क्रूस आपल्या हृदयात आहे, असे त्या वारंवार म्हणत असत. भगिनींनी ते हृदय वस्तऱ्याने उघडले, आणि त्यात मांसतंतूंचा घडलेला क्रूस व ख्रिस्ताच्या यातनांची चिन्हे आढळल्याचे सांगितले. ही वार्ता स्पोलेतोस पोहोचताच बिशपचा मुखत्यार बेरेंगारियो संशयाने आणि संतापाने चौकशीस आला. त्याने हृदय पाहिले, जाणत्यांकडून तपासविले, जबान्या घेतल्या. आणि जो फिर्यादीच्या पवित्र्याने आला होता तोच पुढे त्या साध्वीचा चरित्रकार झाला. 1318 व 1319 या वर्षांत पुन्हा रीतसर चौकशी होऊन साक्षी नोंदल्या गेल्या. तथापि संतपदाचा हुकूम निघण्यास 1881 साल उजाडले.

त्या हृदयात खरोखर काय होते, याविषयी श्रद्धावंत एक सांगेल आणि शरीरशास्त्रज्ञ दुसरे. मला त्या वादात पडावेसे वाटत नाही; कारण वस्तऱ्याला जे सापडले त्याहून मोलाचा पुरावा भगिनींनी आधीच अकरा वर्षे डोळ्यांनी पाहिला होता. आनंदाच्या भरात केलेली सेवा ही आनंदाचीच परतफेड असते. परंतु आतून काहीही मिळत नसताना, रोजच्या त्याच घंटेला उठून जो तेच कर्तव्य करतो, त्याच्या प्रेमातील स्वार्थाचे पाणी उडून गेलेले असते आणि जे उरते ते केवळ प्रेम असते.

तरीही कोरडेपणाची भलावण करताना मळेवाल्याचा तो इशारा विसरून चालणार नाही. अंतःकरण कोरडे पडले की ते आपोआप पावन होते असे नाही. ते कडवटही होते, किंवा आपल्यावर आता कोणतेच बंधन उरले नाही अशा भ्रमाची बुरशी त्याला धरते. कियारांच्या अखेरच्या वर्षांत त्याच खोऱ्यात बेंतिवेंगा नावाचा एक भिक्षू सांगत फिरत होता की, सर्व काही ईश्वरच करतो, म्हणून ईश्वराशी एक झालेल्या आत्म्याला इच्छेस येईल ते करण्याची मोकळीक आहे. तो कियारांकडे आला तेव्हा त्यांनी वादात त्याचे खंडन केले आणि धर्माधिकाऱ्यांना सावध केले; 1307 मध्ये त्याला शिक्षा झाली. सलगीची भाषा पोकळ केव्हा असते, हे विरहाची अकरा वर्षे काढलेल्या या बाईंना कोणी शिकवावे लागले नाही. आपल्या तुकोबांच्या करुणापर अभंगांवर ज्यांनी रात्री जागविल्या आहेत, त्यांनाही हा भेद नव्याने सांगावयास नको.

कियारांच्या मठाच्या बागेत एक झाड आहे. ख्रिस्ताने दिलेली काठी रोविली आणि तिला पालवी फुटली, अशी त्याची आख्यायिका सांगतात. वनस्पतिशास्त्राच्या नोंदीप्रमाणे ते झाड आपले बकाण निंब होय, म्हणजे मूळचे आशियातील. त्याच्या बियांच्या जपमाळा तेथील भगिनी करीत आल्या आहेत. हे फळ आपल्याकडेही हाताशी असते: पिवळे, गोटीएवढे, गर चिकट आणि खाण्यास अपायकारक. त्याला तसेच वाळू द्यावे. गर आक्रसून सुटला की आत पन्हाळी पडलेली टणक बी लागते, आणि तिच्या मधोमध आरपार एक नैसर्गिक वेज असते. ते पाडण्यास सुई लागत नाही. फळ रसरशीत असते तेव्हाही ते वेज तेथे असतेच, परंतु त्यातून दोरा ओवता येतो तो गर वाळल्यावर.