माऊन : छोट्या वस्तूंचा मोठा हिशेब



सूरह अल-माऊन आपल्या घरातील लहान मुलांनाही पाठ असते. अवघ्या सात आयतींची ही सूरह न्यायदिनाला खोटे ठरविणाऱ्या माणसाची ओळख सांगते. तो अनाथाला धक्के देऊन हाकलतो आणि गरजूला जेवू घालण्यास कोणाला प्रवृत्त करीत नाही. पुढे नमाजविषयी बेफिकीर असणाऱ्यांचा आणि देखावा करणाऱ्यांचा उल्लेख येतो, आणि शेवटी 'माऊन' रोखून धरणाऱ्यांचा. काही सहाबांनी (रजि.) माऊनचा अर्थ जकात असा सांगितला, तर काहींनी शेजाऱ्याला सहज देता येणाऱ्या वस्तू, जसे बादली, भांडे, कुऱ्हाड.

अनाथाला दारातून ढकलणारा हात प्रत्येक वेळी दिसतोच असे नाही. कधी तो फीच्या आकड्यात लपलेला असतो, कधी गणवेशाच्या सक्तीत.

आफ्रिकेतील झांबिया देशात १९९० च्या दशकात हेच घडले. एड्सने असंख्य घरांतील आईबाप हिरावून नेले. मुले वृद्ध आजीच्या पदरी आली. सरकारी शाळेत जायचे तर फी, गणवेश, बूट आणि वह्या हव्या होत्या. आजीजवळ यातले काहीच नव्हते. तेव्हा वस्तीतील लोकांनीच शाळा उभ्या केल्या. वर्ग कुठे चर्चच्या सभागृहात, कुठे झाडाखाली, तर कुठे मातीच्या विटांच्या खोलीत भरू लागले. फी नाही, गणवेशाची सक्ती नाही, वय वाढले म्हणून कोणाला परत पाठविणे नाही. कारभार पालकांच्या समितीकडे. शिकविणारे वस्तीतलेच तरुण, अनेकदा विनावेतन.

२००२ मध्ये सरकारने प्राथमिक शिक्षणाची फी रद्द केली, तरी वह्यांचा, कपड्यांचा खर्च आणि शाळेचे अंतर कायम राहिले. म्हणून या सामुदायिक शाळाही टिकून राहिल्या, आणि २०११ च्या शिक्षण कायद्याने त्यांना मान्यता दिली. परंतु विनावेतन शिक्षकालाही पोट असते. दुसरीकडे रोजगार मिळताच तो निघून जातो आणि वर्ग ओस पडतो.

विचार करा, त्या मुलाला शाळेबाहेर ठेवणारी वस्तू किती क्षुल्लक होती! एक वही, एक पेन्सिल, बुटांचा एक जोड. हेच माऊन.

कोणी म्हणेल, ती मुले ना आपल्या देशाची, ना बहुतांशी आपल्या धर्माची. आपल्या नातलगांचा आणि मोहल्ल्यातील अनाथांचा हक्क पहिला, यात शंका नाही. पण 'पहिला' म्हणजे 'एकमेव' नव्हे. इ.स. ६१५ च्या सुमारास मक्केतील छळाला कंटाळून आपले पूर्वसूरी आफ्रिकेतच, हबशा देशात गेले. तेथील राजा नजाशी तेव्हा ख्रिस्ती होता. कुरैशचे दूत मौल्यवान भेटी घेऊन आले आणि त्यांनी या निराश्रितांना परत मागितले. नजाशीने हजरत जाफर (रजि.) यांचे म्हणणे ऐकून घेतले, भेटी परत केल्या आणि परक्या माणसांना आश्रय दिला. ज्या भूखंडाने आपल्या दीनच्या पहिल्या निराश्रितांना दार उघडले, तेथील निराधार मुलांसाठी आपले दार बंद असावे काय?

मदत करताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, जकातीचे हक्कदार कुरआनने ठरवून दिले आहेत. त्या रकमेबाबत आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा. नफ्ल सदका मात्र कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. दुसरी, संस्थेची नीट चौकशी करावी आणि थोडेच, पण नियमित द्यावे. अल्प असले तरी सातत्याने केलेले कर्म अल्लाहला अधिक प्रिय आहे, अशी पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. शिक्षकाचे मानधन एकदाच्या मोठ्या देणगीवर चालत नाही. तिसरी, अनाथाच्या हाती फलक देऊन छायाचित्र मागू नये. माऊन रोखणे आणि देखावा करणे, या दोहोंची निंदा एकाच सूरहमध्ये आली आहे.

आपले पैगंबर (स.) स्वतः अनाथ होते. आज इशाच्या नमाजमध्ये ही सूरह पठण कराल, तेव्हा सलाम फेरल्यावर क्षणभर थांबा आणि स्वतःलाच विचारा : माझ्या घरात रोखून ठेवलेले माऊन कोणते?

अल्लाह आपणा सर्वांना देण्याची सद्बुद्धी देवो आणि दिलेले स्वीकारो. आमीन.