लंगोटाचा पक्का, कथेचा कच्चा

राणादाला नावं ठेवली की कोल्हापुरातला चाहता लगेच विचारतो, "आमच्या मातीतला साधाभोळा पैलवान घरोघरी पोचला, यात तुमचं दुखतंय कुठं?" सवाल रास्त आहे. २०१६ ते २०२१ या काळात झी मराठीवर चाललेल्या 'तुझ्यात जीव रंगला' या मालिकेनं वसगड्याचा वाडा आणि तिचा नायक राणादाचं 'चालतंय की' हे दोन्ही महाराष्ट्रभर पोचवलं. दुखतंय ते यासाठी, की हाताशी एवढं असताना पात्र उथळच राहिलं. तालमीतलं आयुष्य बघा. पहाटे उठून जोर-बैठका, मग हळद, ताक, तेल घालून मळलेल्या तांबड्या मातीत लढत. दूध, तूप, बदामाच्या खुराकापायी घर मेटाकुटीला येतं आणि तिशी उलटली की जोड मिळेनाशी होते. या सगळ्यावर वस्तादाची एक अट असते, पोरगा लंगोटाचा पक्का, म्हणजे ब्रह्मचारी पाहिजे. असा गडी असलेला राणा शाळेतल्या बाईंच्या, अंजली पाठकच्या, प्रेमात पडतो. खरं धर्मसंकट इथंच आहे, कारण खासबागेचं कुस्तीमैदान आणि संसार दोन्ही त्याच्याकडून सगळंच मागणार. मालिकेनं ते बरंचसं राणाच्या लाजण्यावर भागवलं आणि संघर्षाचं काम घरातल्या वहिनीसाहेबांच्या कारस्थानांकडे सोपवलं. नायकाला ठरवण्यासारखं फारसं काही उरलंच नाही.

"रोजची मालिका आहे हो, तेवढ्यात काय काय दाखवणार?" चार वर्षांहून जास्त वेळ कुठल्या कादंबरीला मिळतो? पण चाहत्याच्या बोलण्यात एक अडचण खरी आहे, आणि ती लेखकाची आहे. राणाचा भोळेपणा हेच मालिकेचं भांडवल. तो शहाणा झाला की राणा संपला, आणि नाही झाला तर नुसता पुतळा. या कात्रीतून एक वाट होती. भोळेपणा तसाच ठेवायचा, पण त्याची किंमत कोण मोजतं ते दाखवायचं. घरातलं कपट ज्याला दिसतच नाही, त्याचा चांगुलपणा अंजलीसाठी रोजची शिक्षा होतो. मग न बघणं हा सद्गुण की सोय? हा प्रश्न राणाला पडायला हवा होता. मालिकेनं तो पाठकबाईंच्या सोशिकपणाच्या खात्यावर मांडला. याउलट 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' या २००० सालच्या चिनी भाषेतल्या चित्रपटात तलवारबाज ली मू बाई शू लियनवरचं प्रेम मनातच ठेवतो, कारण तिचा वाग्दत्त वर हा त्याचा शपथेचा भाऊ होता. तो संयम त्यानं स्वतः पत्करलेला आहे, म्हणून त्याच्या तलवारीला वजन आहे.

"लोक विरंगुळ्याला बघतात, तत्त्वज्ञान कशाला?" कुस्तीही लोक विरंगुळ्यालाच बघतात. पण नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवलेली लढत, लागलीय असा वास आला, तर कोल्हापूरचं पब्लिक ती खपवून घेत नाही. मालिकेपुढं मात्र हेच पब्लिक फार लवकर टाळ्या वाजवतं. पुढचा पैलवान पडद्यावर येईल तेव्हा त्याच्या दंडांआधी त्याची अडचण बघायला मागा.