हसण्यातला वाटा

'बायल्या' हा शब्द आमच्या उंद्रीत शिवी म्हणून मोजलाच जात नाही. चिखलीला जाणाऱ्या एसटीत, क्रिकेटच्या मैदानावर, मधल्या सुट्टीत तो इतका सहज येतो, की आपण काही केलं असं म्हणणाऱ्याला वाटतही नाही. "गंमत केली रे," एवढं उत्तर पुरतं. माझा प्रश्न या गमतीबद्दलच आहे. चाळीस जण एका पोरावर हसले, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती दोष येतो? चाळिसावा भाग?

नोव्हेंबर २०२३ मध्ये उज्जैनच्या एका सोळा वर्षांच्या मुलाने जीव दिला. तो स्वतःच मेकअप शिकला होता. दिवाळीत त्याने साडी नेसून केलेल्या रीलखाली द्वेषाच्या हजारो कॉमेंट्स जमल्या होत्या. आत्महत्येमागे सहसा एकच कारण नसतं, इथेही मी तसं म्हणत नाही. पण त्या लिहिणाऱ्यांना विचारलं असतं, तर प्रत्येकजण म्हणाला असता, मी तर एकच ओळ लिहिली. लिहिणारा आपली एक ओळ मोजतो. वाचणाऱ्याच्या अंगावर सगळी बेरीज येते.

कुणी म्हणेल, पुरुषाने साडी नेसली की लोकांना खटकणारच. खरंच खटकतं का? बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांना महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं, बायकांनी त्यांच्या पेहरावाची नक्कल केली, १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. रंगमंचावरची साडी आपल्याला चालते. पडदा पडल्यावरही एखादा मुलगा तसाच मऊ बोलला, तसाच चालला, की मात्र आपण अस्वस्थ होतो. सोंगाला टाळ्या आणि खरेपणाला टोमणे, असा हा न्याय आहे.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. लैंगिक कलावरून विद्यार्थ्याला छळणं म्हणजे रॅगिंग, हे यूजीसीने २०१६ मध्येच नियमात घातलं. पण तो नियम कॉलेजचा, आणि 'बायल्या' सहावी-सातवीतच चिकटतो. शिवाय तक्रार करायची कुणाची? सगळ्या वर्गाची? जातीवरून कुणी बोललं, तर पोरगं घरी येऊन सांगू शकतं, कारण घर त्याच्याच बाजूचं असतं. इथे घर कुठल्या बाजूला उभं राहील, हेच त्याला माहीत नसतं. म्हणून ते गप्प बसतं, आणि आपण समजतो, त्याला काही वाटत नाही.

हा हिशेब उलट्या बाजूनेही करून पाहा. चाळीस हसणाऱ्यांत एकेचाळिसावा मिसळला, तर फारसा फरक पडत नाही. पण त्या चाळिसांतला एक जण हसला नाही, "बस कर रे" म्हणाला, त्या पोराशेजारी जाऊन बसला, तर पडणारा फरक चाळिसाव्या भागाएवढा नसतो. 'सगळेच माझ्या विरोधात आहेत' हे वाक्यच तिथे खोटं ठरतं. अमेरिकेतल्या ट्रेव्हर प्रोजेक्टच्या २०१९ च्या अहवालानुसार, ज्या एलजीबीटी मुलांना आहे तसं स्वीकारणारं किमान एक मोठं माणूस होतं, त्यांच्यात वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी होतं. एक माणूस. मावशी, सर, कुणीही.

मित्र फारच गप्प झाला असेल, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते. ऐकून घ्या, उपदेश करू नका, त्याची ओळख गावभर करू नका. जिवाला धोका वाटला तर त्याला एकटं सोडू नका, भरवशाच्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते.

आणि हा शब्द तुमच्याच मागे लागला असेल, तर एक लक्षात ठेवा. हसणाऱ्यांचा आवाज होतो, म्हणून ते मोजले जातात. न हसणारेही त्याच वर्गात असतात, पण गप्प असल्यामुळे तुम्हाला दिसत नाहीत. त्यांनी तोंड उघडणं, ही आमची जबाबदारी आहे. तोवर तुम्ही थांबा. १४४१६ लावा, कुणा एकाशी तरी बोला.