झाकली मूठ

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घरातले उणेदुणे चव्हाट्यावर मांडू नये, आपली अब्रू आपण राखावी, हा तिचा अर्थ आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत आणि त्या अर्थाशी आमचे काही भांडण नाही. परंतु दोन वर्षांपूर्वी नेमक्या सव्वा लाख रुपयांच्याच एका व्यवहारात ही म्हण आमच्यासमोर निराळ्याच रूपात उभी राहिली. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याच्या नजरेस न पडणारा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे काय? आणि ज्याच्या गळ्यात तो दोष दुसऱ्या कोणी बांधला, जो स्वतःच नाडला गेला, त्याच्यावरही हे कर्तव्य उरते काय? त्या वेळी हा प्रश्न आम्हाला वाटला तितका सोपा नव्हता, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

आमचा धर्मग्राम विस्ताराने मोठा, वाड्या दूरदूर पांगलेल्या. रात्री-अपरात्री आजाऱ्याच्या घरून बोलावणे आले की स्कूटरला किक मारून निघायचे, हे पन्नाशी उलटल्यावर, विशेषतः पावसाळ्यात, जमेनासे झाले. म्हणून साठवलेले थोडे पैसे आणि थोरल्या बहिणीने दिलेली मदत एकत्र करून आम्ही एक जुनी व्हॅन घेतली. इंजिन धुऊन चकचकीत केलेले होते, आवाज मऊ होता. दारावरच्या एका खरचटीवर बोट ठेवून आम्ही दहा हजार रुपये कमी करून घेतले. विकणाऱ्याला मुलीच्या फीसाठी पैशांची निकड आहे हे बोलण्या-बोलण्यात आमच्या ध्यानात आले होते. त्या दिवशी स्वतःच्या चातुर्यावर आम्ही खूष होतो. या गोष्टीकडे पुढे परत यावयाचे आहे.

तिसऱ्या आठवड्यात, एका वृद्ध बाईंना इस्पितळातून घरी आणताना, महामार्गावर गाडीचा तापमानाचा काटा लाल रेघेला भिडला आणि बॉनेटमधून वाफ निघू लागली. गाडी दोरीने ओढून गॅरेजमध्ये न्यावी लागली. आमच्या परिचयाच्या मेकॅनिकने ऑइलची पट्टी बाहेर काढून आमच्यापुढे धरली. तिच्यावरचे ऑइल दुधाच्या चहासारखे पांढुरके झाले होते. “फादर, हेड गॅस्केट गेलंय,” तो म्हणाला. इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांच्यामध्ये एक पातळ पट्टी असते. जळणारा वायू, इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि ऑइल या तिघांना वेगवेगळे राखणे हे तिचे काम. ती फुटली की पाणी ऑइलमध्ये शिरते आणि इंजिन तापून निकामी होऊ लागते. रेडिएटरच्या तळाशी गळती बुजवणाऱ्या पुडीचा गाळ सापडला. या पुडीने भेग काही दिवस भरून राहते, तेवढ्यात गाडी विकली जाते. मेकॅनिकने पुढे गाडीखाली वाकून बॅटरी धरली. खाऱ्या हवेने गंजलेली ब्रेकची नळी काळा रंग फासून झाकलेली होती आणि तिच्यातून ब्रेक ऑइल पाझरत होते.

आम्ही विकणाऱ्याकडे गेलो. “बघून घेतलीत ना, फादर? मी पण अशीच घेतली होती,” एवढेच तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे असू शकेल. आरसी बुकाप्रमाणे आम्ही त्या गाडीचे चौथे मालक होतो. पूड कोणीतरी जाणूनबुजून टाकली होती, नळी कोणीतरी जाणूनबुजून रंगवली होती. परंतु तिघांपैकी कोणी, हे आता परमेश्वरालाच ठाऊक. आरटीओच्या २९ आणि ३० क्रमांकाच्या फॉर्मवर मालकाचे नाव बदलते. दोषाच्या हस्तांतराचा मात्र फॉर्म नसतो.

दुरुस्तीचा खर्च मोठा होता आणि आमच्याजवळ पैसे उरले नव्हते. तेव्हा मेकॅनिकने, निव्वळ आमच्याविषयीच्या आपुलकीने, एक मार्ग सुचवला. पुन्हा पूड टाकायची, जाड ऑइल भरायचे आणि गाडी काढून टाकायची. गिऱ्हाईकही तयार होते. शेजारच्या वाडीतला एक तरुण, पहाटे फुलांच्या करंड्या दादरच्या बाजारात पोहोचवण्यासाठी त्याला व्हॅन हवी होती. तो संध्याकाळी येऊन गाडीभोवती एक फेरी मारून गेला. मेकॅनिकला दाखवून घे, असे आम्ही अर्धवट पुटपुटलो, तेव्हा तो हसून म्हणाला, “फादर, तुमची गाडी म्हणजे बघायचं काय!”

त्यानंतरचे तीन दिवस आम्ही जे युक्तिवाद स्वतःशी केले, ते येथे लपवून ठेवणे या लेखाच्या विषयालाच सोडून होईल. खोटे बोलायचे नाही, हे आमचे पक्के होते. ‘गाडी उत्तम आहे’ असे एक अक्षरही आम्ही उच्चारणार नव्हतो, फक्त गप्प राहणार होतो. मौन म्हणजे असत्य नव्हे. शिवाय आम्हालाही कोणी सांगितले नव्हते. आम्हाला जे मिळाले तेच आम्ही पुढे देत होतो.

हा वाद आमच्या आधी फार मोठ्या माणसांनी केलेला आहे. इसवी सनापूर्वी ४४ या वर्षी सिसेरोने अथेन्समध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी ‘दे ऑफिसीस’ हा कर्तव्यांवरचा ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात बाबिलोनचा डायोजिनिस आणि त्याचा शिष्य अँटिपॅटर या दोन स्टोइक तत्त्वज्ञांचा मतभेद त्याने मांडला आहे. एक मनुष्य घर विकतो आहे. ते राहण्यास अपायकारक आहे, खोल्यांतून साप निघतात, लाकूड कुजट आहे, आणि हे त्याच्यावाचून कोणालाच माहीत नाही. त्याने सांगावे काय? गुरू म्हणतो, कायद्याने जेवढे सांगायला लावले आहे तेवढे सांगावे. न बोलणे निराळे आणि लपवणे निराळे. शिष्याला ते मान्य नाही. मनुष्यमात्राचे एकमेकांशी नाते आहे आणि दुसऱ्याला जाणूनबुजून खड्ड्यात जाऊ देणे हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहून वाईट, असे त्याच्या म्हणण्याचे तात्पर्य. सिसेरोने कौल शिष्याच्या बाजूने दिला. प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे, हे त्यालाही मान्य आहे. पण आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याचे अज्ञान आपल्याला हवे असेल, तर ते मौन उरत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच प्रश्न ‘सुम्मा थिऑलॉजिया’च्या ७७ व्या प्रश्नात अधिक काटेकोरपणे तपासला. त्यांचे उदाहरण घोड्याचे आहे. त्या काळी घोडा हेच वाहन. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर तो दोष उघड आहे. किंमत त्या मानाने कमी लावली असेल, तर तो मुद्दाम सांगत बसण्याची सक्ती नाही, कारण सांगितल्यास गिऱ्हाईक वाजवीपेक्षा अधिक भाव पाडील. याचा अर्थ फाटलेल्या सीटची आणि दारावरच्या खरचटीची यादी विकणाऱ्याने वाचून दाखवावी, अशी अपेक्षा नाही. परंतु दोष झाकलेला असेल आणि त्यापासून घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोहोचणार असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. नुकसान आणि धोका हे दोन शब्द त्यांनी वेगळे ठेवले आहेत. दोषामुळे मालाची किंमत उतरलेली असूनही भाव कमी केला नाही तर नुकसान होते, मोडकळीस आलेले घर मजबूत म्हणून विकले तर जीव धोक्यात येतो. हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे हेड गॅस्केट आणि ब्रेकची नळी उभी राहिली.

परंतु आम्हाला खरा धक्का बसला तो धर्मशास्त्राने नव्हे, तर आपल्या देशाच्या कायद्याने. भारतीय करार अधिनियम १८७२ च्या १७ व्या कलमात लबाडीची व्याख्या आहे आणि तिच्या स्पष्टीकरणासाठी, योगायोगाने, पुन्हा घोडाच घेतला आहे. सदोष घोडा लिलावात विकताना विकणारा काहीच बोलला नाही, तर केवळ मौनाला कायदा लबाडी म्हणत नाही. येथवर डायोजिनिसचा विजय. पण पुढची दोन उदाहरणे पाहावीत. घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे बापाचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला की, तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन, तर तेथे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच आहे.

वाचकहो, ‘तुमची गाडी म्हणजे बघायचं काय’ या वाक्याचा अर्थ याहून निराळा काय होता? त्या तरुणाने तपासणी सोडून दिली ती आमच्या झग्याकडे पाहून. आणि तो आम्हाला हाक मारतो ती ‘फादर’ म्हणून, म्हणजे बाप म्हणून. सव्वा लाखात आम्ही गाडी विकत नव्हतो. त्या हाकेतला विश्वास विकायला काढला होता, आणि तो आमच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता.

‘आम्हालाही कोणी सांगितले नव्हते’ या दुसऱ्या युक्तिवादाचाही विचार केला पाहिजे, कारण तो फार लोकांना फार वेळा आधार देतो. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो परत केला होता, पुढे २००१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या तीन मानकऱ्यांत ते एक ठरले. त्यांचा विचार सामान्य माणसाला पटावा असाच आहे. गाडी चांगली की वाईट हे फक्त विकणाऱ्याला कळत असेल, तर घेणारा भीतीपोटी प्रत्येक गाडीला कमीच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून उठतात आणि वाईट तेवढ्या उरतात. म्हणजे झाकलेला दोष केवळ एका गिऱ्हाइकाला लुबाडत नाही. जो प्रामाणिक माणूस बाजारात उभा राहिला असता, त्यालाही तो हाकलून देतो. फसलेल्या प्रत्येकाने नुकसान पुढच्यावर ढकलावे असे ठरले, तर ते ढकलले जात जात शेवटी अशा माणसापाशी थांबते, ज्याच्यापुढे ढकलायला कोणी उरलेले नसते. तो बहुधा सर्वांत गरीब असतो.

चौथ्या दिवशी आम्ही त्या तरुणाला गॅरेजमध्ये बोलावले आणि मेकॅनिकच्या साक्षीने बॉनेट उघडून सर्व काही सांगितले. तो बराच वेळ ऑइलची पट्टी न्याहाळत राहिला. मग “घरी विचारतो, फादर,” म्हणून निघून गेला. तो परत येणार नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. आठवड्याने तो वडिलांना घेऊन आला आणि ८५ हजारांत सौदा ठरला. इंजिनाचे काम तो सवडीने करून घेणार होता. ब्रेकची नळी मात्र आम्ही उसने पैसे घेऊन आधी बदलून दिली. नुकसानीची किंमत कमी-जास्त करता येते, धोका सवलतीत विकता येत नाही. या सगळ्यात आमचे ४६ हजार गेले.

आता ती दारावरची खरचट. ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथात अशा गिऱ्हाइकाचे चित्र आहे, जो घेताना मालाला नावे ठेवतो आणि घरी जाताना स्वतःची फुशारकी मारतो. संत थॉमस यांनीही विकणाऱ्याला लावलेला नियम घेणाऱ्यालाही लावला आहे. गरजवंताची निकड ओळखून आम्ही जे दहा हजार सोडवून घेतले, त्यांचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा? आम्ही लुबाडले गेलो हे आम्ही सर्वांना सांगत होतो. आम्ही काय केले हे सांगायला आम्हाला दोन वर्षे लागली.

कोणी म्हणेल, फादरांना बायकामुले नाहीत, त्यांना ४६ हजारांचे नुकसान सोसवते. हे म्हणणे रास्त आहे आणि त्याला आमच्यापाशी चटकन देता येईल असे उत्तर नाही. संसारी माणसासाठी तो मुलांच्या तोंडचा घास असतो. परंतु उन्हाळ्यात छताला रंग देऊन गळका फ्लॅट विकताना, बंद पडणारा पंप नव्या शेतकऱ्याच्या गळ्यात मारताना, त्या घेणाऱ्यालाही मुले आहेत एवढे आठवावे. भाव कमी करावा, हप्त्याने घ्यावा, दुरुस्ती वाटून घ्यावी, मार्ग पुष्कळ आहेत. ते सुचतात मात्र दोष सांगितल्यानंतर.

व्हॅन अजून धावते आहे. पहाटेच्या मिस्सेसाठी आम्ही देऊळ उघडायला जातो तेव्हा कधी कधी ती रस्त्याने जाताना दिसते. मागे फुलांच्या करंड्या रचलेल्या असतात. वळणावर तो ब्रेक दाबतो, गाडी थांबते, आणि काचेतून हात हलवून तो पुढे निघून जातो.