दुःखाच्या भट्टींत विश्वासाचें काय होतें?

घरांत प्रेत पडलें असतां किंवा उभें शेत करपून गेलें असतां, "देव आहे तर हें कां झालें?" असा प्रश्न मनुष्याच्या तोंडून निघतो. कित्येक या प्रश्नासच पाप समजतात. कित्येक म्हणतात कीं, दुःखानें विश्वास आपोआप शुद्ध होतो. या समजुती कितपत खऱ्या आहेत, हें पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून पाहूं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान् व श्रद्धाळू ब्राह्मण. पुराणें सांगत व तीर्थें करीत हें कुटुंब देशभर फिरे. पुढें मद्रास इलाख्यांत अन्नान्नदशा आली. त्यांनीं उपासतापास केले, दानधर्म केला, देवाची करुणा भाकली. शेवटीं झाडपाल्यावर दिवस काढले. १८७४ सालीं वडील वारले. लवकरच आई गेली व तिच्या मागून थोरली बहीणही. उरलेलीं दोघें भावंडें पायीं हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोहोंचलीं. तेथें रमाबाईंच्या विद्येचा मोठा गौरव झाला. परंतु लहानपणची श्रद्धा आंतून ढासळली होती, हें त्यांनींच पुढें सांगितलें आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. भुकेनें त्यांची जुनी श्रद्धा नेली, पण नवी दिली नाहीं. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडांत १८८३ सालीं झाला, म्हणजे आईबापांच्या मरणानंतर नऊ वर्षांनीं. मधल्या काळांत भाऊ व पति हेही वारले. तीं वर्षें वाचण्यांत, विचारण्यांत व शोधण्यांत गेलीं. आपल्यापैकीं कित्येकांच्या पूर्वजांस, "पोटासाठीं धर्म सोडला," असा टोमणा ऐकावा लागला. त्यास उत्तर हेंच कीं, भूक मनुष्याला दारापर्यंत आणील. आंत येणें आणि वाईट दिवसांतही तेथें राहणें हें भुकेचें काम नव्हे.

मग दुःख काय करतें? तें आपला देवाशीं चाललेला सौदा मोडतें. "आम्ही उपास करूं, तूं पाऊस पाड," असा सौदा केवळ इतर लोकच करतात असें नाहीं. आपणही प्रार्थनेच्या नांवाखालीं तोच करतों. सौदा मोडल्यावर कित्येकांपाशीं कांहींच उरत नाहीं. त्यांस दोष देण्याचा अधिकार आपणांस नाहीं. रमाबाईंपाशीं मात्र भुकेची आठवण उरली. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत शेंकडोंना आसरा मिळाला. "कां?" याचें उत्तर देत न बसतां त्यांनीं भाकर दिली. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. तरी त्यांनीं देवाचा हात सोडला नाहीं. १९२२ सालीं मरण येईपर्यंत बायबलाच्या भाषांतराचें काम चालविलें.

उपदेशक बंधूंनो, ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले, तोंवर त्यांनीं योग्य केलें. बोलूं लागले तेव्हां चुकले. शोकाच्या घरीं जातांना वचनें पाठ करून जाण्याची घाई करूं नये. पाण्याची घागर भरून न्यावी, चूल पेटवावी, जवळ बसावें. ज्याचा विश्वास दुःखानें हालला आहे, त्यास आपल्या विश्वासाचा आधार बोलण्यानें नव्हे, तर सोबतीनें कळूं द्यावा.