कठड्याची उंची

आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना रक्तदाब तपासून घ्या म्हटले की बहुधा ठरावीक उत्तर मिळते: "देवाच्या मनात असेल ते होईल." वाक्य श्रद्धेचे खरे, पण आम्हांस त्यात भीतीच अधिक दिसते. तपासले तर काही निघेल, निघाले तर लोणचे-पापड सुटेल. त्यापेक्षा न कळलेले बरे!

तेव्हा प्रश्न असा, की स्वतःच्या देहाविषयी अज्ञानात राहण्याचा माणसाला हक्क आहे काय?

तोराच्या पाचव्या पुस्तकात, २२व्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा घालावा अशी आज्ञा आहे. कोण पडणार हे देवाला ठाऊक असते. तरी कठड्याचे काम त्याने माणसावरच टाकले. मोशे बेन मैमोन (११३८–१२०४) हे स्वतः वैद्य. त्यांनी ही आज्ञा जिवाला अपाय करणाऱ्या सर्वच गोष्टींना लावली, आणि माझ्या जिवाशी इतरांना काय करायचे असे म्हणणाऱ्यास फटक्यांची शिक्षा सांगितली.

इतरांचे काय जाते, हे अर्धांगवायू झालेल्या घरी जाऊन पाहावे. हा रोग पुष्कळदा मारीत नाही, खिळवून ठेवतो. मग कूस बदलणे, भरवणे, न्हाऊ घालणे पत्नीच्या नाहीतर सुनेच्या वाट्याला येते. कधी वाचा जाते. उशिरा शिकलेली हिब्रू गेली आणि मोडकी मराठी तेवढी उरली, तर दिमोना-अश्दोदात वाढलेल्या नातवंडांशी आजोबांनी बोलावे कसे?

या झटक्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब, आणि तो दुखत नाही की खुपत नाही. दंडाला पट्टा बांधल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. साखर, कोलेस्टेरॉल, अनियमित नाडी यांचेही तसेच. भारतीय वंशाच्या लोकांना मधुमेह इतरांपेक्षा लवकर, अंगाने सडपातळ असूनही गाठतो. १९९५ पासून कायद्याने प्रत्येक रहिवाशाला कुपत होलीम आहे. खर्चाची सबब चालणार नाही.

मात्र भीतीने दिसेल ती तपासणी करीत सुटणे हेही आम्हांस मान्य नाही. काही लक्षण नसताना सरसकट मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करू नये, असे अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने २०१४ मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये सांगितले. खोटा संशय निघतो, त्यातून शस्त्रक्रिया होते, आणि कधी तिच्यामुळेच झटका येतो. कठड्यालाही शास्त्राने माप दिले आहे: दहा मुठी. तटबंदी कोणी सांगितलेली नाही.

उशिरा या देशात आलेल्या आजींना मात्र देवापेक्षा दवाखान्याच्या खिडकीमागच्या हिब्रूचीच धास्ती असते. त्यांना उपदेश करण्यापेक्षा मुलाने किंवा सुनेने सोबत जावे. रक्तदाबाचे आकडे वहीत मराठीत मांडून द्यावेत. पुढच्या वेळी आजी ते स्वतःच वाचतील.